वानखेडेवरील पराभव आणि विदर्भाच्या फलंदाजांचे प्रगतिपुस्तक

रणजी करंडकाच्या २०२३-२४ च्या हंगामात विदर्भाचा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि १४ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर १६९ धावांनी पराभूत झाला. मुंबईचे हे ४२ वे अजिंक्यपद ठरले. उपविजेतेपद ही सामान्यतः अभिमानाची बाब. पण २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन वेळा करंडक उंचावलेल्या संघाच्या चाहत्यांना ती पुरेशी वाटली नाही. गोलंदाजांनी मुंबईला पहिल्या दिवशी २२४ धावांत गुंडाळले होते. सामना हातून गेला तो फलंदाजीत. त्यामुळे हंगाम संपल्यावर नागपुरात एकच प्रश्न होता, या फलंदाजांपैकी कोणावर विश्वास कायम ठेवायचा आणि कोणाला पर्याय शोधायचा?

या प्रश्नाचे उत्तर केवळ एकूण धावा आणि सरासरी पाहून मिळत नाही. फेब्रुवारी-मार्च २०२४ मधील बाद फेरीचे तीन सामने समोर ठेवून विदर्भाच्या प्रमुख फलंदाजांची ही प्रतवारी.

मूल्यमापनाचा निकष

रणजी करंडकाच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरते. पहिल्या डावात केलेली धाव म्हणूनच दुहेरी मोलाची असते. ती सामना जिंकून देऊ शकते आणि सामना न जिंकताही संघाला पुढे नेऊ शकते. विदर्भाची उपान्त्यपूर्व, उपान्त्य आणि अंतिम सामन्यातील पहिल्या डावांची धावसंख्या होती अनुक्रमे ४६०, १७० आणि १०५. दुसऱ्या डावांची होती १९६, ४०२ आणि ३६८. या सहा आकड्यांत हंगामाची सारी कथा आहे. स्पर्धा पुढे सरकत गेली, तसतशी पहिल्या डावातील फलंदाजी खचत गेली आणि दुसऱ्या डावात भरपाई करण्याची वेळ येत गेली. उपान्त्य सामन्यात ती भरपाई झाली, अंतिम सामन्यात झाली नाही.

दुखणे नवे नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये जामठा येथे गुजरातविरुद्ध विदर्भाचा पहिला डाव ७४ धावांत आटोपला होता. त्या सामन्यात गुजरातला विजयासाठी अवघ्या ७३ धावा हव्या असताना आदित्य सरवटेने १७ धावांत ६ बळी घेतले आणि पाहुणा संघ ५४ धावांत बाद झाला. रणजीच्या इतिहासात इतक्या कमी धावांचे आव्हान त्यापूर्वी कोणी राखले नव्हते. विजयाच्या जल्लोषात ७४ चा आकडा मागे पडला, तरी फलंदाजीतील उणीव तशीच राहिली. त्या हंगामात विदर्भाला उपान्त्यपूर्व फेरीही गाठता आली नाही. त्यानंतरच कर्नाटकचा करुण नायर आणि दिल्लीचा ध्रुव शोरी हे दोन अनुभवी फलंदाज व्यावसायिक खेळाडू म्हणून विदर्भाकडे आले.

अक्षय वाडकर : विशेष प्रावीण्य

कर्णधार आणि यष्टिरक्षक अशी दुहेरी जबाबदारी. अंतिम सामन्यात नाणेफेक जिंकून त्याने क्षेत्ररक्षण स्वीकारले आणि मुंबईची अवस्था ६ बाद १११ अशी झाली. शार्दुल ठाकूरच्या ७५ धावांनी यजमान सावरले, तरी निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पहिल्या डावात तो केवळ ५ धावांवर बाद झाला. दुसऱ्या डावात ५३८ धावांच्या आव्हानासमोर त्याने १०२ धावा केल्या. त्याच्या काही आठवडे आधी रेल्वेने त्रिपुराविरुद्ध ३७८ धावांचा पाठलाग करून रणजीतील नवा विक्रम केला होता. विदर्भापुढील लक्ष्य त्याहून १६० धावांनी मोठे होते. तरीही पाचव्या दिवशी मुंबईच्या गोटात काही काळ अस्वस्थता पसरली, ती या खेळीमुळे. मध्य प्रदेशविरुद्धच्या उपान्त्य सामन्यातील ७७ धावाही तितक्याच महत्त्वाच्या होत्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने इंदूर येथे पहिला रणजी करंडक जिंकला, त्या अंतिम सामन्यातही वाडकरने १३३ धावा केल्या होत्या. मोठ्या सामन्यात उभे राहण्याचा हा त्याचा जुनाच गुण.

यश राठोड : विशेष प्रावीण्य

बाद फेरीतील सर्वांत भरवशाचा फलंदाज. कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात ९३; मध्य प्रदेशविरुद्ध दुसऱ्या डावात १४१. विदर्भाला दोन अजिंक्यपदे मिळवून देणारे चंद्रकांत पंडित त्या सामन्यात मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते. ८२ धावांची पिछाडी भरून काढून विदर्भाने ६२ धावांनी विजय मिळवला, त्याचे मोठे श्रेय या डावखुऱ्या फलंदाजाला जाते. वानखेडेवरील १०५ धावांतही त्याच्या २७ धावाच सर्वाधिक होत्या. दुसऱ्या डावात तो ७ धावांवर बाद झाला, एवढीच उणीव.

करुण नायर : प्रथम श्रेणी

हंगामात ६९० धावा. कर्नाटक हा त्याचा पूर्वीचा संघ. त्याच्याविरुद्ध ९० आणि उपान्त्य सामन्यात, संघ १७० धावांत बाद होत असताना, ६३. अंतिम सामन्यात मात्र पहिल्या डावात शून्य. ज्या कामासाठी बाहेरून खेळाडू आणला जातो, नेमके ते त्या सायंकाळी झाले नाही. दुसऱ्या डावात २२० चेंडू खेळून त्याने ७४ धावा केल्या. पण तोवर सामना दूर गेला होता. पहिल्या डावातील ते शून्य नसते, तर श्रेणी एक पायरी वर गेली असती.

अथर्व तायडे : द्वितीय श्रेणी

अकोल्याच्या या डावखुऱ्या सलामीवीराने कर्नाटकविरुद्ध १०९ धावांची शतकी खेळी केली आणि ४६० धावांचा पाया घातला. वानखेडेवर पहिल्या दिवसअखेर विदर्भ ३ बाद ३१ असताना तो एका बाजूने टिकून होता. दुसऱ्या दिवशी २३ धावांवर परतला. दुसऱ्या डावात ३२. सुरुवात मिळूनही ती मोठी न करणे हा दोष दोन्ही डावांत दिसला.

अमन मोखाडे : द्वितीय श्रेणी

उपान्त्य सामन्याच्या दुसऱ्या डावात ५९, अंतिम सामन्यात ८ आणि ३२. आकडे लक्ष वेधणारे नाहीत. तथापि तरुण खेळाडूकडून पहिल्याच मोठ्या हंगामात जेवढी अपेक्षा करावी, तेवढी त्याने पुरी केली.

ध्रुव शोरी : उत्तीर्ण

इंदूरच्या २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध १४५ धावा करणारा हाच फलंदाज. वानखेडेवर विदर्भाकडून खेळताना त्याच्या वाट्याला ० आणि २८ धावा आल्या. नव्या चेंडूचा तडाखा झेलणे हे सलामीवीराचे पहिले काम, आणि निर्णायक दिवशी तेच साधले नाही.

हर्ष दुबे : प्रथम श्रेणी

मूळचा डावखुरा फिरकी गोलंदाज. मुंबईच्या दुसऱ्या डावात ५ बळी घेतल्यानंतर त्याने ६५ धावा केल्या आणि वाडकरसमवेत सहाव्या गड्यासाठी १३० धावांची भागीदारी रचली. ही जोडी फुटताच डाव कोसळला आणि विदर्भ ३६८ धावांत बाद झाला. तळाच्या फलंदाजाने एवढा प्रतिकार करावा, हे त्याचे यश. तो करण्याची वेळ यावी, हे आघाडीच्या फळीचे अपयश.

बदल की सातत्य?

अशा पराभवानंतर सर्वांत आधी टीका होते ती बाहेरून आलेल्या खेळाडूंवर. स्थानिक मुलांची जागा अडवून हे पहिल्या डावात शून्यावर बाद होणार असतील, तर त्यांचा उपयोग काय, हा आक्षेप सहज सुचणारा. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु विदर्भाचा पूर्वानुभव निराळा होता. दोन्ही अजिंक्यपदांत कर्णधार फैज फजलबरोबर मुंबईहून आलेला वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश यांचा वाटा मोठा होता. २०१८-१९ मध्ये जाफरने १,०३७ धावा केल्या आणि त्याच्यासोबत खेळताना नागपूरची मुले घडली.

विदर्भाने २०२४-२५ मध्ये नायर आणि शोरी या दोघांनाही कायम ठेवले, प्रशिक्षक उस्मान घनी हेही कायम राहिले, आणि मधल्या फळीत दानिश मालेवार या तरुणाला संधी दिली. बाद फेरीतील पहिल्या डावांची धावसंख्या आता वेगळी होती. तामिळनाडूविरुद्ध ३५३, मुंबईविरुद्ध ३८३ आणि अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ३७९. उपान्त्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी नमवून वानखेडेची परतफेड झाली. त्यात शोरीच्या पहिल्या डावात ७४ आणि राठोडच्या दुसऱ्या डावात १५१ धावा होत्या.

जामठ्यावरील अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशा स्थितीतून मालेवारने १५३ आणि नायरने ८६ धावा करून २१५ धावांची भागीदारी केली. हीच स्थिती वर्षापूर्वी वानखेडेवर होती. तेव्हा डाव १०५ वर संपला होता. केरळला ३४२ धावांत रोखून विदर्भाने ३७ धावांची आघाडी घेतली, आणि २ मार्च २०२५ रोजी सामना अनिर्णित राहिल्यावर तीच आघाडी तिसरे अजिंक्यपद देऊन गेली. दुसऱ्या डावात नायरने १३५ धावा केल्या. राठोड ९६० धावांसह हंगामात अव्वल ठरला, तर दुबेने ६९ बळींचा नवा विक्रम केला.

या यशात तायडेचा वाटा नव्हता. त्या अंतिम सामन्यात त्याला संघात स्थान मिळाले नाही. द्वितीय श्रेणीचा शिक्का खरा ठरला, असे तेव्हा कोणीही म्हटले असते. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने १४३ धावा केल्या. जानेवारी २०२६ मध्ये विदर्भाने सौराष्ट्राला नमवून विजय हजारे करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात १२८ धावा करणारा तायडेच होता. त्याच स्पर्धेत मोखाडेने आठशेहून अधिक धावा केल्या.

प्रगतिपुस्तक हे झालेल्या परीक्षेचे असते. वानखेडेवरील पराभवानंतर पहिल्या डावातील दुर्बलता ओळखणे आवश्यक होते आणि विदर्भाने ती ओळखली. पण त्या एका परीक्षेवरून नावे खोडण्याची घाई झाली असती, तर पुढच्या दोन हंगामांतील दोन करंडकांकडे नेणारी बरीचशी फलंदाजी संघाबाहेरच राहिली असती.