श्रवण, शंका आणि आचरण

प्रवचन कसे करावे, या विषयावर धर्मगुरूंसाठी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रवचन कसे ऐकावे, याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. वास्तविक प्रभू येशूने पेरणाऱ्याचा जो दाखला सांगितला (मार्क ४) त्यात पेरणाऱ्याच्या कौशल्याबद्दल काहीच नाही. सारा दाखला जमिनीविषयी, म्हणजे ऐकणाऱ्याविषयी आहे. डोंगरावरील प्रवचनाचा शेवट दोन घरांच्या दाखल्याने होतो (मत्तय ७). त्या दोन्ही घरधन्यांनी वचन ऐकलेले असते. भेद पडतो तो आचरणाने. संत याकोबही आपल्या पत्रात (१:२२) नुसत्या ऐकण्यावर समाधान मानणाऱ्यास आत्मवंचनेचा दोष देतो.

मग ऐकणे आणि करणे यांच्यामध्ये असे काय घडावे लागते की ज्यायोगे एकाचे दुसऱ्यात रूपांतर व्हावे? पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राचे प्रवचन ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली, आणि आता आपण काय करावे असे त्यांनी प्रेषितांनाच विचारले (प्रेषितांची कृत्ये २:३७). बाप्तिस्मा त्यानंतरचा. बिरुया येथील श्रोते पौलाने सांगितलेले खरे आहे की नाही हे शास्त्रात रोज पडताळून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच झाली आहे (१७:११). ऐकणाऱ्याने उलट विचारावे, पडताळून पाहावे आणि मग करावे, हा क्रम प्रेषितांच्या काळापासूनचा आहे. जेथे ऐकणाऱ्यास विचारण्याची मुभा राहिली तेथे वचन आचरणात उतरण्याची वाट मोकळी झाली, असे आम्हांस आपल्या भागाच्या इतिहासावरून वाटते. त्याचीच थोडी छाननी येथे करावयाची आहे.

प्राचीन ख्रिस्तसभेतही ही अडचण होतीच. संत योहान क्रिसोस्तोम (मृत्यू ४०७) यांचे वक्तृत्व असे की अंत्युखिया आणि कॉन्स्टँटिनोपल येथे लोक प्रवचनाच्या मध्येच टाळ्या वाजवीत. संतांना ते आवडत नसे. टाळ्यांचा नाद विरतो, जीवनात मात्र पालट दिसत नाही, हे त्यांचे दुःख होते. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचने करताना ते श्रोत्यांना सांगत की, घरी गेल्यावर पत्नीला व मुलांना जवळ बसवा आणि आज जे ऐकले त्याची त्यांच्याबरोबर उजळणी करा. पुढे सहाव्या शतकात, आजच्या फ्रान्समधील आर्ल येथील बिशप संत सीझेरियस यांच्या वेळी काही लोक शुभवर्तमानाचे वाचन होताच बाहेर पडू लागले, तेव्हा त्यांनी मंदिराची दारे लावून घेण्यास सांगितले. दारे लावून माणसे आत राहतात. त्यांचे कान उघडतीलच असे नाही. क्रिसोस्तोमांचा उपाय अधिक खोल होता, कारण त्यात ऐकणारा स्वतः बोलू लागतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले आणि सासष्टीत त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी ख्रिस्ती साहित्याचा पायाच होय. परंतु हा ग्रंथ निर्माण कसा झाला, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ग्रंथाच्या आरंभीच असे सांगितले आहे की, धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस तसेच काही का देत नाही? पाद्रीने हा प्रश्न उद्धटपणाचा मानला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पुराण सुरू होते.

या प्रसंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो नवख्रिस्ती मनुष्य काही गमावून बसला होता. गोव्यात त्या काळी देवळे पाडली गेली होती आणि जुन्या ग्रंथांवर बंदी आली होती. त्याच्या विनंतीत या उणिवेची वेदना आहे. फादर स्टीफन्स यांचे मोठेपण असे की, ती वेदना त्यांनी ऐकली आणि उत्तर दिले ते ऐकणाऱ्याच्याच भाषेत, त्याच्याच ओवीत. त्यामुळे ख्रिस्तपुराण लोकांच्या तोंडी बसले, मंदिरात व घरोघरी वाचले गेले आणि छापील प्रती दुर्मिळ झाल्यावरही हस्तलिखितांच्या रूपाने टिकले. तशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापता आले. प्रवचनकाराने आधी ऐकले, म्हणून त्याचे बोलणे पुढील तीन शतके ऐकले गेले.

याच्या उलट घडले ते १६८४ साली. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यांनी फर्मान काढले की, गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. फर्मानाने लोकांची भाषा मेली नाही हे खरे. परंतु ज्या भाषेत मनुष्य शंका विचारतो तीच भाषा हीन ठरविल्यावर त्याच्यापाशी उरते ते आज्ञापालन. आज्ञा पाळणारा प्रार्थना पाठ म्हणतो, सण पाळतो. पण शेजाऱ्याशी, मजुराशी, धाकट्या भावाशी आपण कसे वागावे, हे त्याने स्वतःस कधी विचारलेलेच नसते.

तिसरा दाखला खुद्द बेळगावचा आहे. पेशवाईचा अस्त होऊन बेळगाव इंग्रजांच्या हाती गेल्यावर, १८२० साली, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर येथे आले आणि मिशनचे कार्य सुरू झाले. पुढे १९०४ साली हे कार्य मेथडिस्टांकडे सोपविले गेले. या मिशनच्या शाळेत शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच झाला. शाळेत त्यांच्या कानावर शास्त्रवचने पडली. पुढे मुंबईस शिक्षणासाठी गेल्यावर तेथेही पडत राहिली. तरी त्यांनी लगेच काही केले नाही. त्यांनी शंका घेतल्या, वाचले, वाद केला, जुन्या समजुती तपासल्या. आपल्या मनाचा हा प्रवास त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात सविस्तर लिहून ठेवला आहे. धर्मशिक्षकांनी तो अवश्य वाचावा, कारण ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले असे मराठी पुस्तक विरळा.

या काळात ते मुंबईच्या परमहंस मंडळीत जात असत. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या या मंडळीचे सभासद जातिभेद मानीत नसत. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव ते एकत्र बसून खात. पण हे सारे बंद दाराआड चाले, आणि बाहेर पडल्यावर प्रत्येक जण आपापल्या जातीत परत जाई. पुढे सभासदांची यादी चोरीस गेली, नावे उघड होण्याची भीती पसरली, आणि मंडळी १८६० च्या सुमारास मोडली. त्यांना सत्य कळले नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. कळलेल्या सत्याची किंमत चारचौघांत देण्याची त्यांची तयारी नव्हती, एवढेच. बाबा पदमनजींनी ती किंमत दिली. १८५४ च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही जेथे सारे ओळखीचे त्या बेळगावात. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जातीला व बहुधा घरालाही मुकणे होते. पुढे तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहून हिंदू विधवांची दैना मराठी वाचकांपुढे मांडली. शाळेच्या बाकावर ऐकलेले वचन अशा रीतीने दुसऱ्याच्या दुःखापर्यंत जाऊन पोहोचले. बाबा पदमनजी कॅथॉलिक नव्हते. पण श्रोता कसा असावा हे शिकावयाचे तर पंथाची भिंत आड येऊ देऊ नये.

आमच्या ख्रिस्तसभेने हा धडा विसाव्या शतकात पुन्हा गिरविला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो संविधानग्रंथ प्रसृत केला, त्यात लोकभाषेस वाव दिला आणि प्रवचन हे उपासनेचेच अंग ठरविले. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या प्रबोधनपत्रात सांगितले की, प्रवचनकाराने एक कान वचनाकडे तर दुसरा लोकांकडे लावला पाहिजे. २०२१ ते २०२४ या काळात चाललेल्या सिनडचे सूत्र तर एकमेकांचे ऐकणे हेच होते.

हे सारे बेळगुंदीसारख्या गावी कसे लागू पडते? १९५३ साली स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात कोकणी, मराठी, कन्नड व इंग्रजी या चारही भाषा कानी पडतात. एखादे मूल शाळेत एका भाषेत शिकते, घरी दुसरीत बोलते आणि मंदिरात तिसरीत प्रार्थना करते. अशा मुलास प्रवचनातले काय कळले हे त्याला विचारल्याशिवाय कळावयाचे नाही. वडीलधारी माणसे तर आदरापोटी विचारीतच नाहीत. "होय, फादर" म्हणून ती घरी जातात. क्रिसोस्तोमांच्या श्रोत्यांच्या टाळ्या आणि आपल्या श्रोत्यांचे हे "होय, फादर", यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

पण आचरणाची वेळ येते ती मंदिराबाहेर. भावाभावांत शेताच्या बांधाचा तंटा असतो. मजुराची मजुरी हंगाम संपला तरी द्यावयाची राहिलेली असते. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई असो की आपल्याच गावातील मोलकरीण, तिच्या कष्टाचा मोबदला हा प्रवचनाचाच विषय आहे. आणि लग्न जुळविताना जात पाहिली जाते, तेव्हा परमहंस मंडळीचा तो बंद दरवाजा आपल्याही घरास आहे हे मान्य केले पाहिजे. यांवर प्रवचन झाल्यास लोक शांतपणे ऐकतात. ऐकल्यावर काय अडते, हे त्यांना कोणी विचारीत नाही.

म्हणून आमचे एवढेच सुचविणे आहे. धर्मशिक्षकाने आठवड्यातून एका संध्याकाळी, एखाद्या घरी, पाचदहा माणसांना बसवून तीन गोष्टी विचाराव्यात: रविवारी काय ऐकले, त्यातले काय पटले नाही अथवा कळले नाही, आणि या आठवड्यात त्यातले काय करता येईल. दुसरा प्रश्न गाळू नये. लोकांना तोच अवघड वाटेल आणि उपयोगीही तोच ठरेल. उत्तरे धर्मगुरूच्या कानी घालावीत, आणि धर्मगुरूने पुढील रविवारी बोलावयास उभे राहण्यापूर्वी त्यांचा विचार करावा. यास खर्च नाही, इमारत लागत नाही. लागतो तो धीर. कारण लोक खरोखर बोलू लागले म्हणजे आपल्या वागणुकीविषयीही विचारतील.

सासष्टीतील त्या श्रोत्याने विचारले म्हणून मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले. आपल्या धर्मग्रामातील कोण काय विचारू इच्छितो हे आपणांस ठाऊक आहे काय? धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी येत्या रविवारचे प्रवचन तयार करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःस विचारावा, आणि मग त्याच्या उत्तरासाठी एखाद्या घराची पायरी चढावी, अशी आमची विनंती आहे.