लाइन गेली की लागणारा ब्रेक

जालन्याच्या एमआयडीसीत माझे एक मामा रोलिंग मिलमध्ये फिटर होते. कॉलेजात असताना दिवाळीत एकदा त्यांचा डबा द्यायला गेलो. डोक्यावर क्रेन, क्रेनला दोनेक टनांचा लोखंडी माल लटकलेला, आणि तेवढ्यात लाइट गेली! (लोडशेडिंगचे दिवस होते ते.) मी जीव घेऊन पळालो. मामा मात्र हसत होते. "पळतो कशाला रे? लाइन गेली म्हंजेच ब्रेक लागला की!"

तेव्हा डोक्यावरून गेलं. आपल्याला सायकलचा ब्रेक माहीत, दाबला तरच लागणारा. क्रेनचा बरोबर उलटा. तिथे स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि वीज चालू झाली की इलेक्ट्रोमॅग्नेट स्प्रिंगला मागे ओढून तो सोडवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर 'थांबणं' हा डिफॉल्ट.

ही अक्कल माणसाला यायला वेळ लागला. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस लिफ्टच्या फळीवर उभा राहिला आणि दोर कापायला सांगितला. दोराच्या ताणाने वाकलेली स्प्रिंग सरळ झाली, दात्यांत अडकली आणि फळी जागीच थांबली. वेस्टिंगहाउसचा १८६९चा रेल्वे ब्रेक मात्र हवा भरली की लागायचा, म्हणजे पाइप फुटला तर संपलंच! १८७२ साली त्याने हिशोब उलटा केला, हवा गेली की ब्रेक लागणार.

आणि आपला बोरघाट? १८६३ साली रेल्वे सुरू झाली तेव्हापासून खरी भीती उताराचीच. म्हणून घाटात कॅच सायडिंग आल्या, म्हणजे चढावर जाऊन संपणारे रूळ. मंकी हिल, ठाकूरवाडीकडे सांधा मुळातच त्या रुळाकडे लावलेला असायचा. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग पुढचा रस्ता. ब्रेक गेलेली गाडी आपोआप चढावर. तीच कल्पना, फक्त स्प्रिंगच्या जागी डोंगर!

इलेक्ट्रोमॅग्नेट स्टर्जनने १८२५ सालीच दाखवला होता. विजेच्या लिफ्ट आणि क्रेन आल्यावर स्प्रिंग आणि चुंबक एकत्र आले. आज मोठ्या क्रेनवर थ्रस्टर ब्रेकही दिसतात. तिथे चुंबकाऐवजी तेलाचा दाब ब्रेक सोडवतो, पण लावायचं काम स्प्रिंगचंच.

आता निवडायचा कसा? समजा १५ किलोवॉटची, ९६० आरपीएमची मोटर आहे. ९५५० गुणिले १५ भागिले ९६०, म्हणजे साधारण १४९ न्यूटन-मीटर टॉर्क. माल उचलणाऱ्या क्रेनला याच्या दीडपट, म्हणजे २२४च्या आसपासचा ब्रेक धरतात. "मोठाच बसवू" हे शहाणपण नाही, झटका गिअरबॉक्सला आणि दोराला बसतो. वितळलेलं लोखंड नेणाऱ्या क्रेनला मात्र दोन ब्रेक हवेतच. तिथे काटकसर करणाऱ्याला मी तरी इंजिनियर म्हणणार नाही.

पण गडबड होते ती वायरिंगमध्ये. ब्रेकची कॉइल मोटरच्याच टर्मिनलवरून जोडली तर माल उतरवताना गोची होते. वीज तोडल्यावरही फिरती मोटर थोडा वेळ व्होल्टेज देत राहते, ब्रेक उशिरा लागतो आणि तेवढ्यात माल खाली सरकतो. व्हीएफडी असेल तर कॉइलला वेगळा सप्लाय हवाच, कारण कमी वेगावर व्होल्टेज इतकं कमी असतं की ब्रेक सुटतच नाही. लायनिंग झिजलं की गॅप वाढते, चुंबकाची ओढ पोचत नाही, ब्रेक अर्धवट घासतो आणि जळतो. आणि ब्रेक उघडायच्या आधी माल जमिनीवर! तो लटकत असताना मोटर खोलायची म्हणजे दोरच सोडण्यासारखं आहे.

मामांनी पुढे एकदा सांगितलं. एका मिलमध्ये (नाव नको) ब्रेक असाच अडकायचा. गॅप बघायच्या ऐवजी कोणीतरी हँड रिलीजचा दांडा बाइंडिंग वायरने बांधून टाकला. ब्रेक कायमचा उघडा. क्रेन झकास चालली.. लाइन जाईपर्यंत. सळ्यांची अख्खी मोळी खाली. पोरं चहाला गेली होती म्हणून वाचली.

फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम २९ प्रमाणे क्रेनची वर्षातून एकदा तरी कसून तपासणी लागायची. पण वायर गुंडाळायला दोन मिनिटं पुरतात. मामांनी त्यांच्या मिलमध्ये उपाय केला तो असा: सगळ्या क्रेनचे दांडे काढले आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवले. पाहिजे त्याने येऊन मागावा, आणि कशाला पाहिजे ते सांगावं.