राजगादी ते ग्रामसभा

जव्हारनजीक दाभोसा गावी लेंडी नदीचा प्रवाह सुमारे ३०० फूट खाली कोसळतो. पावसाळ्यात तो पाहण्यास दूरदूरची मंडळी येतात. परंतु या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व आपल्या महादेव कोळी बांधवांनी कायद्याच्या दरबारी मान्यता कशी मिळविली, हे त्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू होय.

जव्हारचे मुकणे राजघराणे हे आपल्या ज्ञातीचे भूषण. जयबा मुकणे यांनी राज्याचा पाया घातला व त्यांचे पुत्र नीमशहा यांस १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, असे परंपरा सांगते. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा; तथापि राजा आपला असणे आणि कारभारात रयतेस स्थान असणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

शेजारच्या मोखाड्यात इंग्रजी अंमल होता. १९३६ मध्ये मोखाडा पेटा ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ठरला. कायदेमंडळाचा कायदा तेथे गव्हर्नराच्या आदेशावाचून लागू होत नसे. संरक्षण लाभले, पण निर्णय परक्याच्याच हाती राहिला. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावकडील वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा या मुलखाचा आवाज प्रथमच दूरवर ऐकू गेला.

पुढे घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी, लोकशाही आदिवासींच्या अंगी मूळचीच आहे, हा विचार निर्भयपणे मांडला. ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने या क्षेत्रांचा विचार केला व राज्यघटनेत पाचवी अनुसूची आली. १९५० च्या आदेशाने आपली ज्ञाती अनुसूचित जमातींत नोंदली गेली. पुढे या नोंदीस असलेले जिल्ह्यांचे बंधन १९७६ च्या कायद्याने दूर झाले. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरूनच उद्भवलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दाखल्यांच्या पडताळणीची रीत घालून दिली. ती पायपीट आपल्यापैकी अनेक घरांस परिचित आहे.

परंतु नावाची मान्यता म्हणजे स्वशासन नव्हे. त्याचे दार १९९६ च्या पेसा कायद्याने उघडले व महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात असल्याने तो येथे सर्वत्र लागू आहे. भूसंपादनापूर्वी विचारविनिमय, गौण वनोपजाची मालकी, योजनांस मान्यता हे विषय त्याने ग्रामसभेच्या कक्षेत आणले. ठराव करून पाड्यासही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काची जोड दिली.

नोकरीनिमित्त शहरी गेलेली आपली कुटुंबे जमातीचा दाखला जिवापाड जपतात, हे योग्यच. परंतु दाखला घरापुरता असतो, ग्रामसभा साऱ्या गावाची असते. तिचा कोरम भरला नाही, तर कायदा कागदावरच राहतो. यास्तव गावी राहिलेल्या आपल्या भावंडांस या कायद्यांची माहिती पोहोचविणे, हे ज्ञातीचे आजचे कर्तव्य होय. राजगादी एका घराण्याची होती. ग्रामसभेच्या घोंगडीवर प्रत्येकास जागा आहे.