मास्तरांची रांग

आमच्या घरी सिनेमाची गाणी जरा उलटी ऐकली जायची. थोरले मामा स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे. रेडिओवर गाणं लागलं की म्हणायचे, "शब्द सोडा रे, मागं काय चाललंय ते ऐका." मागचं ऐकता ऐकता गाडी हमखास अँथनी गोन्साल्विसांवर यायची. मामा त्यांना 'मास्तर' म्हणत.

मास्तरांचा जन्म १९२७चा, गोव्यातल्या माजोर्ड्याचा. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज अमदानीत तिकडच्या चर्चशाळांत पोरांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखनही शिकवत. १९४३मध्ये अँथनी मुंबईत आले आणि संगीतकार नौशादांच्या वाद्यवृंदात बसले. "तेव्हाची गंमत अशी," मामा सांगत, "गोवेकरांना कागद वाचता येई, पण रागाशी ओळख नसे. आपल्याकडच्यांच्या गळ्यात राग, पण कागद कोरा!" मास्तरांनी हिंदुस्थानी संगीताचा ध्यासच घेतला. रागातली जागा पाच रेघांवर अशी उतरवायची, की सगळ्या व्हायोलिनांचे गज एकदम फिरावेत, हे त्यांचं काम. स्टुडिओत अशा माणसाला अरेंजर म्हणत. पडद्यावर त्याचं नाव सहसा येत नसे.

शिकवण्यात मात्र त्यांचा हात सढळ. पुढं संगीतकार झालेले प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांच्याच हाताखालचे. १९५८ साली मास्तरांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात शंभराच्या आसपास वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. गाण्याच्या तीन मिनिटांत न मावणारा राग त्यांना मोकळा सोडायचा होता. पण रोजच्या रेकॉर्डिंगवर पोट असलेल्या वादकांचा एवढा ताफा पदरी कोण बाळगणार? साठच्या दशकाच्या मध्यावर ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतले ते थेट माजोर्ड्याला. सिनेमाकडे पुन्हा वळले नाहीत. २०१२मध्ये त्यांचं निधन झालं.

१९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालनी गुरूचं नाव गाण्यात घातलं. पडद्यावर अंड्यातून निघून ते गाणाऱ्या अमिताभला बघून थिएटर हसलं. त्या नावाचा खरा माणूस आहे, हे कितीजणांना ठाऊक होतं? आम्ही हळहळलो की मामा म्हणत, "नावाचं काय घेऊन बसलात? लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या गाण्यातल्या व्हायोलिनांची रांग ऐका." मास्तरांना जो मेळा सांभाळता आला नाही, तो शिष्यानं स्टुडिओत रोजचा करून टाकला, आणि त्या रांगेत मागच्या खुर्चीवर बसून मामांनी आपला संसार चालवला.