ओपन बॅफल ध्वनिक्षेपक

ओपन बॅफल ध्वनिक्षेपक म्हणजे बंद पेटीऐवजी मागून उघड्या असलेल्या सपाट फळीवर स्पीकर बसवून तयार केलेला ध्वनिक्षेपक (लाऊडस्पीकर) होय. या फळीला बॅफल किंवा फलक म्हणतात. स्पीकरच्या पुढून आणि मागून निघणारा आवाज सारख्याच जोराचा, परंतु परस्परविरुद्ध प्रावस्थेचा असतो. त्यामुळे या रचनेला द्विध्रुवी (डायपोल) ध्वनिक्षेपक असेही नाव आहे. पेटीच्या ध्वनिक्षेपकात मागचा आवाज कोंडून ठेवला जातो. येथे तो खोलीत मोकळा सोडला जातो.

प्लायवूडची एक फळी, एक स्पीकर आणि फळी उभी राहण्यासाठी आधार एवढ्या साहित्यात हा ध्वनिक्षेपक घरी बांधता येतो. हवाबंद सांधे लागत नसल्याने गावातील सुतारही तो सहज करू शकतो. मात्र या सोपेपणाची किंमत खर्जाच्या स्वरांत मोजावी लागते. ती किती मोजावी लागेल, हे फलकाची रुंदी, स्पीकरची निवड आणि मागच्या भिंतीपासूनचे अंतर या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

कार्यतत्त्व

स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरच्या हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागच्या हवेचा दाब कमी होतो. स्पीकर नुसता हातात धरला, तर मागचा तरंग कडेने वळून पुढे येतो आणि पुढच्या तरंगाला नष्ट करतो. तरंगांच्या या व्यतिकरणाचा फटका मुख्यतः खालच्या स्वरांना बसतो, कारण त्यांची तरंगलांबी मोठी असते. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, तर ३,००० हर्ट्झच्या स्वराची केवळ ११ सेंटिमीटर असते. स्पीकरच्या पुढच्या व मागच्या बाजूंमधील काही सेंटिमीटरचे अंतर पहिल्या स्वराच्या दृष्टीने नगण्य ठरते आणि दोन्ही तरंग जवळजवळ पूर्णपणे एकमेकांना छेदतात.

फलकाचे काम मागच्या तरंगाचा हा मार्ग लांबवण्याचे आहे. स्पीकर फलकाच्या मध्यभागी असेल, तर मागच्या तरंगाला समोर येण्यासाठी साधारणपणे फलकाच्या निम्म्या रुंदीइतके जादा अंतर कापावे लागते. हे अंतर तरंगलांबीच्या निम्मे असते त्या वारंवारतेला दोन्ही तरंग एकमेकांना साहाय्य करतात आणि समोरचा आवाज ६ डेसिबेलने वाढतो. अंतर पूर्ण तरंगलांबीइतके झाले, की समोर आवाजात खळगा पडतो. अंतर तरंगलांबीच्या सहाव्या भागाइतके असेल, तेव्हा वाढही होत नाही आणि घटही होत नाही. या बिंदूच्या खाली मात्र दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबेल या दराने आवाज उतरत जातो.

चौरस किंवा गोल फलक आणि मध्यभागी स्पीकर असे गृहीत धरल्यास निरनिराळ्या रुंदींसाठी येणारे आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

| फलकाची रुंदी | आवाज उतरू लागण्याची वारंवारता | कमाल वाढीची वारंवारता |
|---|---|---|
| ४० सेंमी | सुमारे २८५ हर्ट्झ | सुमारे ८६० हर्ट्झ |
| ५० सेंमी | सुमारे २३० हर्ट्झ | सुमारे ६९० हर्ट्झ |
| ६० सेंमी | सुमारे १९० हर्ट्झ | सुमारे ५७० हर्ट्झ |
| ९० सेंमी | सुमारे १२५ हर्ट्झ | सुमारे ३८० हर्ट्झ |
| १२० सेंमी | सुमारे ९५ हर्ट्झ | सुमारे २८५ हर्ट्झ |

हे आकडे संगीताच्या भाषेत समजून घेता येतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूलस्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. ५० सेंटिमीटर रुंद फलकावर पहिला स्वर सुमारे ४ डेसिबेलने आणि दुसरा सुमारे १० डेसिबेलने उतरतो. तरीही तंबोरा ओळखू येतो, कारण त्याच्या नादाचा मोठा भाग जवारीमुळे उठणाऱ्या वरच्या स्वरांशांत असतो. डग्ग्याचा घुमारा मात्र स्पष्टपणे कमी भासतो.

दिशात्मकता

द्विध्रुवी ध्वनिक्षेपकाचा आवाज सर्व दिशांना सारखा पसरत नाही. वरून पाहिल्यास त्याच्या प्रसारणाची आकृती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. पुढे आणि मागे आवाज सर्वाधिक असतो, तर फळीच्या पातळीत, म्हणजे दोन्ही बाजूंना तसेच वर व खाली, पुढचा व मागचा तरंग एकाच वेळी पोहोचून एकमेकांना नष्ट करतात. समोर बसलेल्या श्रोत्याला तेवढाच आवाज ऐकवताना सर्व दिशांना सारखा आवाज पसरवणाऱ्या स्रोताच्या तुलनेत हा ध्वनिक्षेपक खोलीत केवळ एक तृतीयांश ध्वनिऊर्जा सोडतो. त्यामुळे बाजूच्या भिंती, जमीन आणि छत यांवरून होणारी परावर्तने कमी होतात. स्लॅबच्या उघड्या, टणक भिंतींच्या खोलीत खालचे स्वर घुमून अस्पष्ट होण्याचा त्रासही या रचनेत कमी जाणवतो. पेटीच्या भिंती कंप पावल्यामुळे येणारा घोगरेपणा नसतो. या रचनेची आवड असणारे तिच्या ‘मोकळ्या’ आवाजाची जी प्रशंसा करतात, तिची मुख्य कारणे हीच आहेत.

इतिहास

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली फिरत्या वेटोळ्याच्या स्पीकरविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजच्या बहुतेक स्पीकरांची मूळ रचना त्यात आढळते. असा स्पीकर फळीवर बसवल्याशिवाय खालचे स्वर ऐकू येत नाहीत, हे आरंभापासूनच ज्ञात होते. त्यानंतरच्या काही दशकांतील व्हॉल्व्हच्या रेडिओंची लाकडी खोकी मागून उघडी किंवा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याने झाकलेली असत. म्हणजेच ते रेडिओ एका अर्थाने ओपन बॅफल ध्वनिक्षेपकच होते. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळात आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या परिसरातील (१ मे १९९९ पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात होता) श्रोत्यांनी व्हॉल्व्हच्या रेडिओवर जे ऐकले, ते अशाच मागून उघड्या खोक्यांतून ऐकले. दुरुस्तीसाठी स्पीकर खोक्याबाहेर काढला की आवाज किरटा होतो, हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा नित्याचा अनुभव वर सांगितलेल्या तत्त्वाचाच पुरावा आहे.

१९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी लहान, हवाबंद पेटीतून खोल खर्ज देणारी रचना मांडली. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या कार्यामुळे पेटीचे गणित पक्के झाले आणि घरगुती वापरात पेटीचे ध्वनिक्षेपक रूढ झाले. द्विध्रुवी रचना तरीही लुप्त झाली नाही. १९५७ साली बाजारात आलेला क्वाड कंपनीचा स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक याच तत्त्वाचा होता. साध्या स्पीकरांपासून द्विध्रुवी ध्वनिक्षेपक घरी बांधण्याच्या छंदाला शास्त्रीय पाया देण्याचे मोठे श्रेय जर्मनीत जन्मलेले अभियंता झिगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) यांना दिले जाते.

स्पीकरची निवड

पेटीसाठी उत्तम असलेला स्पीकर खुल्या फलकावर उत्तम ठरेलच असे नाही. निर्मात्याने दिलेल्या माहितीपत्रकात पुढील बाबी पाहाव्यात.

* एकूण क्यू: हा अंक अनुस्पंदनाजवळ स्पीकरचा आवाज किती टिकतो ते दर्शवतो. खुल्या फलकासाठी तो ०.७ किंवा त्याहून अधिक असणे सोयीचे असते. ०.४ पेक्षा कमी क्यू असलेले, मोठ्या चुंबकाचे स्पीकर सच्छिद्र पेटीसाठी किंवा भोंग्यासाठी योग्य ठरतात. उघड्या फळीवर त्यांचा खर्ज फारच क्षीण होतो.
* अनुस्पंदन वारंवारता: ती शक्यतो ५० हर्ट्झपेक्षा कमी असावी. तिच्या खाली स्पीकरची स्वतःची घट आणि फलकाची घट एकत्र होऊन आवाज दर सप्तकाला सुमारे १८ डेसिबेलने उतरतो.
* आकार: समान जोराचा आवाज राखून एक सप्तक खाली उतरताना पेटीतील शंकूला चौपट, तर द्विध्रुवी रचनेतील शंकूला आठपट हालचाल करावी लागते. म्हणून १० ते १५ इंची मोठा शंकू घेणे हिताचे असते.
* शंकूची कड: फोमची कड उष्ण व दमट हवेत काही वर्षांत कुजते. कापडाची किंवा रबराची कड अधिक टिकते.

बांधणी

फलकासाठी १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड वापरतात. आठ फूट बाय चार फूट मापाच्या एका तावातून ६० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर उंच असे दोन फलक निघून निम्मा ताव आधारासाठी उरतो. पावसाळी प्रदेशात पाण्याला टिकणारे प्लायवूड (आयएस ७१० प्रतीचे) घ्यावे. एमडीएफची फळी गुळगुळीत असली, तरी ओल लागताच कडांना फुगते. सागवानी फळ्या जोडूनही फलक करता येतो. मात्र सांध्यांत फटी राहता कामा नयेत.

बांधणीचा सर्वसाधारण क्रम असा असतो:

१. स्पीकरच्या बाहेरील कडेचे नव्हे, तर आतील चौकटीचे माप घेऊन कागदाचा साचा कापावा.

२. स्पीकरचे मध्य फलकाच्या ऐन मध्यभागी न ठेवता डाव्या, उजव्या व वरच्या कडांपासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवावे. त्यामुळे वाढ व खळगा एकाच वारंवारतेला एकवटत नाहीत. दोन फलक परस्परांच्या आरशातील प्रतिमेसारखे असावेत.

३. जिगसॉने भोक कापावे आणि मागच्या बाजूने त्याची कड ४५ अंशांत तासावी. असे न केल्यास जाड फळीतील भोक बोगद्यासारखे वागून मागचा आवाज अडवते.

४. मागे उभ्या लाकडी पट्ट्या सरसाने व स्क्रूने बसवाव्यात. फलकावर बोटाने ठोकल्यावर ठक् असा थोटा आवाज आला पाहिजे; ढोलासारखा घुमता आवाज आल्यास आणखी पट्टी द्यावी.

५. रुंद पाया किंवा तिरपे टेकू जोडावेत. शंकूच्या हालचालीने फलक डोलता कामा नये.

६. दोन्ही स्पीकरांच्या धन व ऋण तारा एकसारख्या जोडाव्यात. एका बाजूची जोडणी उलटी झाल्यास खर्ज नाहीसा होतो आणि दोष फलकाला दिला जातो.

रुंद फलक खोलीत मावत नसेल, तर त्याच्या दोन्ही कडांना मागे वळणारे पंख जोडतात. त्यामुळे मागच्या तरंगाचा मार्ग लांबतो. पंख फार खोल केल्यास मात्र मधली पोकळी नळीसारखी घुमू लागते आणि खुलेपणाचा लाभ नाहीसा होतो.

आवाजाचा समतोल

खर्ज उतरलेला असल्याने वरचे स्वर तुलनेने कर्कश भासतात. साधा उपाय म्हणजे स्पीकरच्या मार्गात तांब्याच्या तारेचे वेटोळे व त्याला समांतर रोधक जोडणे. वेटोळे खालच्या स्वरांना जवळजवळ अडथळ्याविना जाऊ देते, तर वरच्या स्वरांना रोधकातून जावे लागते. ८ ओहमच्या स्पीकरला ८ ओहमचा रोधक दिल्यास वरचे स्वर सुमारे ६ डेसिबेलने कमी होतात. येथे खर्ज वाढलेला नसून उरलेला आवाज त्याच्या पातळीला आणलेला असतो. पूर्वीइतका मोठा आवाज हवा असल्यास प्रवर्धकाची शक्ती चौपट लागते. इलेक्ट्रॉनिक समकारकाने थेट खर्ज वाढवता येतो. परंतु शंकूची हालचाल मर्यादेबाहेर गेल्यास वेटोळे आपटून स्पीकर निकामी होतो.

खोलीतील मांडणी

फलक मागच्या भिंतीपासून किमान एक मीटर पुढे असावा. भिंतीवरून परतलेला आवाज तेव्हा सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मूळ आवाजात मिसळून त्याला गढूळ करत नाही. फलक भिंतीला टेकवून ठेवल्यास या रचनेचे बहुतेक गुण नष्ट होतात. लहान खोलीसाठी हा ध्वनिक्षेपक अडचणीचा ठरतो, तो याच कारणाने.

पूर्व विदर्भातील हवामान आणि वापर

गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट राहते. ४५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर होतो. फलकाच्या मापांवर याचा परिणाम चार-पाच टक्क्यांचाच होतो, म्हणून तो दुर्लक्षिता येतो. दमटपणा आणि धूळ यांकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. स्पीकरची मागची बाजू उघडी असल्याने कागदी शंकूला ओल लागते, चौकटीत कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि उंदीर तारा कुरतडतात. मागून पातळ, विरळ विणीचे सुती कापड सैल लावल्यास आवाजाला बाध न येता संरक्षण मिळते. फलकाच्या कापलेल्या कडांना वॉर्निश देणेही आवश्यक असते.

दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईतील दंडार किंवा झाडीपट्टी रंगभूमीची नाटके यांसाठी ही रचना उपयोगाची नाही. उघड्या मैदानात दूरवर आवाज पोहोचवण्याचे काम भोंगे व मोठ्या पेट्या यांचे आहे. मागे जाणारा निम्मा आवाज तेथे वाया जातो. ओपन बॅफल ध्वनिक्षेपक घरातील, मध्यम आवाजातील श्रवणासाठी आहे.

शालेय प्रयोग

ध्वनितरंगांचे व्यतिकरण वर्गात दाखवण्यासाठी ही रचना सोयीची आहे. चार-पाच इंची स्पीकर बॅटरीवर चालणाऱ्या लहान प्रवर्धकाला जोडून त्यावर गाणे लावावे. सुमारे ६० सेंटिमीटर चौरस जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून तो स्पीकरवर घट्ट धरावा. आवाज तत्काळ भरदार होतो. पुठ्ठा बाजूला केला की पुन्हा किरटा होतो. यात विजेची भर पडलेली नसते, केवळ मागच्या तरंगाची वाट अडलेली असते. याच मांडणीवर सुमारे २०० हर्ट्झचा एकच स्वर लावून मैदानात तिच्याभोवती फेरी मारल्यास पुठ्ठ्याच्या कडेच्या दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा झालेला जाणवतो. खोलीत परावर्तनांमुळे हा परिणाम झाकला जातो. प्रयोगासाठी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडू नये. त्यातील विद्युतदाब प्राणघातक असू शकतो.

मर्यादा

* अतिखोल खर्ज व मोठा आवाज ही दोन्ही एकत्र मिळत नाहीत. अनेक जण फलकाला पेटीतील स्वतंत्र सबवूफरची जोड देतात.
* भिंतीपासून दूर ठेवावा लागत असल्याने जागा अधिक लागते.
* मागे जाणारा आवाज पुढच्याइतकाच असल्याने मागची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असल्यास त्यांना उपद्रव होऊ शकतो.
* उघड्या स्पीकरला लहान मुले, प्राणी व धूळ यांपासून जपावे लागते.

हेही पहा

* ध्वनी
* व्यतिकरण
* अनुस्पंदन
* तंबोरा
* झाडीपट्टी रंगभूमी