प्रौढपणींचीं धुळाक्षरें

विद्या ही बाळपणींच साधावयाची वस्तु आहे, भाजल्या मडक्यास कान बसत नाहींत, असें आपल्याकडे वडीलधारीं माणसें म्हणत आलीं आहेत. परभाषेच्या बाबतींत तर हा समज फारच दृढ आहे. परंतु गेल्या दोन शतकांचा इतिहास चाळून पाहिला, तर ज्या कित्येक माणसांनीं महाराष्ट्राच्या जीवनास निराळें वळण लाविलें, त्यांनीं परभाषेचीं धुळाक्षरें पदरीं संसार पडल्यावरच गिरविलीं, असें आढळून येतें. मग थोरपणीं शिकणें अवघड जातें तें बुद्धीमुळें कीं दुसऱ्याच कांहीं कारणामुळें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आरंभ इंग्रजांपासूनच करूं. कारण येथें प्रौढ विद्यार्थी म्हणून सरकारमान्यता प्रथम मिळाली ती त्यांनाच. कंपनी सरकारच्या तरुण अंमलदारांना देशी भाषा याव्यात म्हणून लॉर्ड वेल्स्लीनें 1800 सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिलें. तेथें मराठी शिकविणारे विल्यम कॅरे हे मूळचे जोडे शिवणारे. पुढें धर्मोपदेशक होऊन 1793 मध्यें हिंदुस्थानांत उतरले, तेव्हां त्यांनीं तिशी ओलांडली होती. त्यांचें मराठी व्याकरण 1805 सालीं निघालें व कोश 1810 सालीं. पण या ग्रंथांमागें वैजनाथ पंडितांचें साह्य होतें, हें विसरून चालणार नाहीं. पुढें 1831 सालीं मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश निघाला, त्याच्याही पाठीशीं शास्त्र्यांचें मंडळ होतेंच. कोशावर नांव साहेबाचें चढलें. शास्त्र्यांचीं नांवें आज अभ्यासकांनाच काय तीं ठाऊक आहेत.

या साहेब विद्यार्थ्याची स्थिति जरा न्याहाळून पाहावी. अभ्यासाला वेळ सरकारचा, खर्च सरकारचा, परीक्षेत यश मिळाल्यास बक्षीसही सरकारचेंच. शिकविणारा पगारी, शिकणारा सत्ताधारी. साहेबानें लिंगवचनाचा कितीही घोटाळा केला, तरी तोंडावर हंसण्याची पंडिताची प्राज्ञा नव्हती. प्रौढ माणसाला भाषा शिकतांना ज्या दोन गोष्टी सर्वांत दुर्मिळ असतात, मोकळा वेळ आणि चुकण्याची मुभा, त्या दोन्ही त्याला आयत्याच मिळाल्या होत्या.

आतां आपल्या लोकांकडे वळूं. जोतीराव फुले यांचें शिक्षण मध्यंतरीं खुंटलें होतें, व 1841 सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, ते पुन्हां मिशनच्या इंग्रजी शाळेंत जाऊं लागले. शाळेची तुटलेली वाट पुन्हां धरणें किती कठीण असतें, हें ते अनुभवानें जाणत होते. 1855 सालीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं आपल्या घरींच शेतकरी व मजूर यांच्याकरितां रात्रीची शाळा चालविली. येथें भाषा परकी नव्हती, अक्षरें मात्र परकींच होतीं. या शाळेचें मर्म तिच्या वेळेंत आहे. पोटासाठीं राबणाऱ्याला दिवसा वर्गांत बोलावणें म्हणजे आज उपाशी राहा असें सांगणें होय. जोतीरावांनीं विद्यार्थ्याची सोय आधीं पाहिली व घड्याळ तिच्याप्रमाणें लाविलें.

स्त्रियांची अडचण याहून नाजूक होती. रमाबाई रानडे 1873 सालीं विवाह होऊन पुण्यास आल्या, तेव्हां अकरा वर्षांच्या होत्या व त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनीं त्यांना प्रथम मराठी व मग इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. वयानें त्या थोर नव्हत्या हें खरें. पण सासरीं आलेल्या मुलीला त्या काळीं विद्यार्थी कोण म्हणणार? घरांतील वडील बायकांचा रोष, टोमणे व अबोला यांची हकीकत त्यांनीं 1910 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत दिली आहे. ती वाचतांना मनांत येतें कीं, इंग्रजी व्याकरणाचे नियम त्यांना तितके जड गेले नसावेत, जितकें तें पुस्तक घरांत उघडणें जड गेलें असेल.

याच घराच्या आश्रयानें 1882 सालीं दुसऱ्या रमाबाई इंग्रजी शिकूं लागल्या. पंडिता रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनीं 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. पुराणें त्यांच्या जिव्हाग्रीं होतीं. हंटर कमिशनपुढें त्यांनीं याच वर्षीं साक्ष दिली, ती मराठींतून. कारण इंग्रजी लिहितां-बोलतां येत नव्हतें. मिस हरफर्ड नांवाच्या मिशनरी बाई त्यांना प्राथमिक वाचनपुस्तकांतले धडे देत असत. चोवीस वर्षांची ही विदुषी, नुकतेंच वैधव्य आलेलें, कडेवर मूल, आणि समोर लहान मुलांचें क्रमिक पुस्तक! तरी त्या बसल्या. 1883 सालीं विलायतेस गेल्या, चेल्टनहॅमच्या कॉलेजांत संस्कृत शिकवूं लागल्या, आणि 1887 सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. पहिल्या धड्यापासून ग्रंथापर्यंत अवघीं पांच वर्षें!

अशी बुद्धि शेंकडों वर्षांत एखाद्यासच लाभते, असें कोणी म्हणेल, व तें आम्हांला मान्य आहे. म्हणूनच रमाबाई रानड्यांचें पुढील कार्य आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. 1909 सालीं पुण्यास सेवासदन निघालें तें रानड्यांच्या वाड्यांत, आणि तेथें प्रौढ स्त्रियांसाठीं वर्ग भरूं लागले. एकेकाळीं ज्या घरांत सुनेनें पुस्तक उघडणें हा अपराध होता, त्याच घरांत परक्यांच्या सुना पाटी घेऊन बसूं लागल्या.

हें सर्व लिहितांना आमची स्वतःची एक चूक आम्हांस वारंवार आठवते. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या कॉलेजांतील एका वयस्क शिपायांनीं आम्हांस विचारिलें, "सर, इंग्रजी शिकवणारा एखादा वर्ग जवळपास आहे का?" आम्हीं उत्साहानें दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या हातीं एक रंगीत चित्रांचें बालबोध पुस्तक ठेविलें. तीन दिवसांनीं त्यांनीं तें वर्तमानपत्रांत नीट गुंडाळून परत आणलें. "आमच्या नातवाकडं हेच आहे, सर," एवढेंच ते म्हणाले. त्यांना टपालाच्या लखोट्यांवरील नांवें कोणास न विचारतां वाचावयाचीं होतीं, हें आम्हांस फार उशीरा कळलें. पंडिता रमाबाईंनीं बालबोध पुस्तक सोसलें, म्हणून तें प्रत्येकानें सोसावें असें आम्हीं गृहीत धरिलें होतें.

आज गांवोगांव इंग्रजीचे वर्ग आहेत व त्यांच्या जाहिरातीही पुष्कळ आहेत. पण घरच्या धुण्याभांड्यांतून सुटलेल्या गृहिणीला साधेल अशी वेळ, किंवा पन्नाशीच्या माणसाला नातवाच्या बाकावर न बसवणारा शिक्षक, त्यांपैकीं किती ठिकाणीं आढळेल? आमच्या वाचकांत शिकलेलीं माणसें पुष्कळ आहेत. त्यांच्यापाशीं असें कोणी आलें, तर आधीं पुस्तक काढूं नये. काय वाचावयाचें आहे, एवढें विचारावें. ते शिपाई पुढें निवृत्त होऊन गांवीं गेले. आम्हांस ती संधि पुन्हां मिळती, तर पहिला धडा आम्हीं त्या दिवशींच्या टपालावरूनच दिला असता.