ड्राफ्ट: हॉटेलातल्या फळ्यापासून भर चौकापर्यंत

नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, ही अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा. तिथले संघ दर एप्रिलमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू आपसांत वाटून घेतात. या वाटणीला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ आधी निवडतो, विजेता शेवटी. आज ३२ संघ आहेत आणि तीन दिवसांत सात फेऱ्या होतात. त्या तीन दिवसांत चेंडूला कोणी हातही लावत नाही, तरी या निवडीवर चाहते वर्षभर वाद घालतात. आपल्या संघात उणीव कुठे आहे, ती कोणत्या खेळाडूने भरून निघेल आणि व्यवस्थापक कुठे चुकला, हे त्या वादाचे ठरलेले विषय. ही सवय मात्र ड्राफ्टइतकी जुनी नाही. पहिली जवळजवळ चाळीस वर्षे वाद घालायला लागते ती माहितीच चाहत्यांच्या हाती नव्हती.

ड्राफ्टची कल्पना बर्ट बेल यांची. फिलाडेल्फिया ईगल्सचे ते मालक, आणि १९३५ साली ईगल्स ११ पैकी ९ सामने हरले. त्या काळी महाविद्यालयातला खेळाडू कोणत्याही संघाशी बोलणी करू शकत असे, त्यामुळे चांगला खेळाडू साहजिकच पैसेवाल्या किंवा जिंकणाऱ्या संघाकडे जाई. मिनेसोटाचा स्टॅन कोस्टका बेल यांना हवा होता. त्याच्यासाठी बोली चढत गेली आणि शेवटी ब्रुकलिनच्या संघाने त्याला नेले. दुबळा संघ अशाने दुबळाच राहणार आणि एकतर्फी सामने पाहायला लोक येणार नाहीत, असे बेल यांनी इतर मालकांपुढे मांडले. शिकागोचे जॉर्ज हॅलास आणि न्यूयॉर्कचे टिम मारा यांचे संघ बलाढ्य होते, नव्या पद्धतीत तोटा त्यांचाच होता. तरीही दोघांनी होकार दिला. लीग टिकली तरच आपला संघ टिकेल, हे त्यांनी ओळखले होते.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्ल्टन हॉटेलात झाला. खोलीत एक फळा होता आणि त्यावर सुमारे ९० नावे लिहिलेली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. बहुतेक मालकांची माहिती वृत्तपत्रांतील बातम्या आणि प्रशिक्षकांशी असलेली ओळख यांच्यापलीकडे जात नव्हती. पहिले नाव घेतले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. त्याचे हक्क ईगल्सकडून हॅलास यांच्याकडे गेले, पण पैशांचे जमले नाही. बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पुढे तो फोम रबर विकणाऱ्या कंपनीत विक्रेता झाला. महाविद्यालयातील सर्वोत्तम खेळाडूलाही ही लीग त्या वेळी पोट भरण्याची खात्रीची जागा वाटत नव्हती.

समानता हा ड्राफ्टचा एक हेतू होता. बोली थांबवून पगार आटोक्यात ठेवणे हा दुसरा, आणि तोही तितकाच खरा होता. निवडलेल्या खेळाडूला एकाच मालकाशी बोलणी करता येत. वॉशिंग्टनच्या संघाने १९६८ साली निवडलेल्या ‘याझू’ स्मिथने या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला झालेल्या दुखापतीने त्याची कारकीर्द संपली होती. खुल्या बाजारात करार झाला असता तर आपल्याला चांगले संरक्षण मिळाले असते, असे त्याचे म्हणणे होते. १९७६ साली न्यायालयाने त्या काळचा ड्राफ्ट स्पर्धाविरोधी ठरवला. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात ड्राफ्ट मान्य केला आणि फेऱ्या १७ वरून १२ वर आल्या. आजचा ड्राफ्ट कायद्यापुढे उभा आहे तो या संमतीच्या आधारावर. चाहत्यांच्या चर्चेत ही बाजू फार क्वचित येते. ती यायला हवी.

मालकांकडची माहिती हळूहळू वाढत गेली. टिम मारा यांचे चिरंजीव वेलिंग्टन मारा महाविद्यालयांची वृत्तपत्रे आणि मासिके मागवून खेळाडूंच्या नोंदी ठेवत. लॉस एंजेलिस रॅम्सने १९४६ साली एडी कोटल यांना पूर्णवेळ स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, म्हणून देशभर हिंडायला पाठवले. त्याच वर्षी रॅम्सने केनी वॉशिंग्टनशी करार केला आणि एनएफएलमधील कृष्णवर्णीय खेळाडूंवरची बारा वर्षांची अघोषित बंदी मोडली. तरीही कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे बहुतेक संघ फिरकतच नव्हते.

ही चूक हेरली ती पिट्सबर्ग स्टीलर्सने. बिल नन हे ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्राचे क्रीडा पत्रकार. दक्षिणेतील लहान महाविद्यालयांचे प्रशिक्षक त्यांना घरच्यासारखे ओळखत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टीलर्सने त्यांना स्काउट म्हणून घेतले. जॉन स्टॉलवर्थची गोष्ट तिथले जुने लोक अजून सांगतात. अलाबामा ए अँड एमचा हा खेळाडू ओल्या मैदानावर धावला आणि घड्याळात त्याची वेळ सामान्य भरली. बाकीचे स्काउट पुढच्या गावाला गेले. नन यांनी तब्येत बरी नसल्याचे सांगून मुक्काम वाढवला आणि कोरड्या जागेवर त्याला पुन्हा धावायला लावले. या वेळी तो बराच वेगवान निघाला. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सने लिन स्वॉन, जॅक लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर असे चार खेळाडू घेतले. चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या सन्मान दालनात, गेले. एका संघाने एकाच ड्राफ्टमध्ये इतके मिळवल्याचे दुसरे उदाहरण नाही. नन यांना तो मान २०२१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला.

डॅलस काउबॉइजचा मार्ग वेगळा होता, आणि त्यात एका भारतीयाचा हात होता. अलीगढमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी १९६० च्या दशकात आयबीएमच्या एका उपकंपनीत होते. त्यांना क्रिकेट कळत होते, अमेरिकन फुटबॉल अजिबात नाही. काउबॉइजच्या स्काउटांची अडचण भाषेची होती. एकाचा ‘चपळ’ दुसऱ्याच्या लेखी ‘ठीक’ असे. कुरेशींनी शेकडो गुणांची यादी छाटून मोजकेच गुण ठेवले: स्वभाव, चपळाई, जिद्द, बुद्धी, ताकद. प्रत्येक स्काउटने प्रत्येक गुणाला ठरलेल्या पट्टीवर अंक द्यायचा आणि बेरजेचे काम संगणकाने करायचे. खेळाशी नाते नसल्यामुळेच बहुधा त्यांना जाणकारांच्या शब्दांतला गोंधळ इतका स्पष्ट दिसला असावा.

चाहते मात्र या काळात बाहेरच होते. स्टीलर्सने १९६९ साली जो ग्रीनला निवडले तेव्हा हा ग्रीन कोण, असा मथळा पिट्सबर्गच्या वृत्तपत्रात झळकला. दहा वर्षांनी न्यूयॉर्क जायंट्सने मोरहेड स्टेट या लहान विद्यापीठाच्या फिल सिम्सचे नाव घेतले, तेव्हा हॉटेलात जमलेल्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्यांनी त्याला खेळताना पाहिलेलेच नव्हते. याच सिम्सने जानेवारी १९८७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, २५ पैकी २२ पास अचूक टाकले.

दार उघडले ते दोन बाजूंनी. पहिली बाजू छापील पुस्तिकांची. ब्रुकलिनच्या एका लहानशा घरात राहणारे जोएल बक्सबाम सामन्यांच्या चित्रफिती पाहत, फोनवर माहिती काढत आणि ‘प्रो फुटबॉल वीकली’साठी शेकडो खेळाडूंची बलस्थाने आणि उणिवा लिहीत. बिल बेलिचेक यांच्यासारखे प्रशिक्षक त्यांचे मत मोलाचे मानत. २००२ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. बाल्टिमोरच्या मेल कायपर यांनीही कोवळ्या वयातच स्वतःची पुस्तिका विकायला सुरुवात केली होती. दुसरी बाजू दूरचित्रवाणीची. नुकत्याच सुरू झालेल्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीने १९८० साली ड्राफ्ट थेट दाखवण्याची परवानगी मागितली. नावे वाचून दाखवण्यात लोक काय पाहणार, हे मालकांना कळेना. पण लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी होकार दिला. १९८४ पासून कायपर पडद्यावर दिसू लागले. १९८८ साली ड्राफ्ट रविवार-सोमवारी आला आणि तो नोकरदारांनाही पाहता येऊ लागला. व्यवस्थापकाने काय सोडले, हे आता चाहत्याला त्याच क्षणी कळू लागले.

तेव्हापासून वादाचा गाभा एकच राहिला आहे: संघाची गरज पाहायची की समोर असलेला सर्वांत गुणी खेळाडू घ्यायचा? चाहता गरजेच्या बाजूने झुकतो, कारण गेल्या हंगामातली भगदाडे त्याच्या डोळ्यांसमोर ताजी असतात. व्यवस्थापकाला तीन वर्षांनंतरचा संघ पाहावा लागतो. हा पेच अमेरिकेपुरता नाही. २००८ साली आयपीएलमध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंची वाटणी लिलावाने न होता ड्राफ्टने झाली. दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते. त्यांनी गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतले, आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरला गेला.

या वादातला सर्वांत गाजलेला प्रसंग १९९९ चा. ईगल्स आदल्या हंगामात १६ पैकी १३ सामने हरले होते आणि दुसरी निवड त्यांची होती. चेंडू घेऊन धावणारा टेक्ससचा रिकी विल्यम्स शहराला हवा होता. महापौर एड रेंडेलही त्याच्याच बाजूचे. डब्ल्यूआयपी या स्थानिक रेडिओ केंद्राने तीसेक चाहत्यांना न्यूयॉर्कला नेले. त्याऐवजी क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून संघाचे आक्रमण चालवणारा, डोनोव्हन मॅकनॅब याचे नाव उच्चारले गेले आणि या टोळक्याने सभागृहात एकच ओरडा केला. बावीस वर्षांचा मॅकनॅब मंचावर उभा राहून तो ऐकत होता. न्यू ऑर्लिन्सने विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्याही दोन देऊन टाकल्या, आणि त्या हंगामात ते फक्त तीन सामने जिंकले. मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा उपांत्य फेरीत आणि एकदा सुपर बोलमध्ये नेले. हा प्रसंग चाहत्यांच्या अज्ञानाचा दाखला म्हणून सांगितला जातो, पण ते अर्धसत्य आहे. विल्यम्स उत्तम धावपटू होता आणि पुढे एका हंगामात त्याने धावून लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड काढले. चूक होती ती धावपटूच्या जागेचे मोल क्वार्टरबॅकच्या जागेइतके मानण्यात, आणि ती चूक न्यू ऑर्लिन्सच्या व्यवस्थापनानेही केलीच.

जागेचे आणि निवडीचे मोल मोजण्याची साधनेही याच काळात तयार होत होती. १९९१ च्या सुमारास काउबॉइजने प्रत्येक निवडीला गुण देणारा तक्ता बनवला. त्यात पहिली निवड ३,००० गुणांची होती, दुसरी २,६०० ची आणि बत्तिसावी ५९० ची. हा तक्ता आधी इतर संघांकडे आणि मग चाहत्यांकडे पोचला. आज घरबसल्या अदलाबदलीचे हिशेब मांडले जातात ते त्याच्या किंवा त्याच्या सुधारित आवृत्त्यांच्या आधाराने. १९९४ साली संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली आणि स्वस्तातल्या नवोदिताची किंमत आणखी वाढली. २०१० साली पहिल्या निवडीच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्या वर्षी नवा वेतनक्रम लागू झाला आणि कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार २.२ कोटींवर आला. पगार, करार आणि निवडी यांचे हे गणित सामान्य चाहता आता सहज बोलतो.

२०१५ साली ड्राफ्टने न्यूयॉर्क सोडले आणि तो शहराशहरांत फिरू लागला. २०२४ साली डेट्रॉइटमध्ये तीन दिवसांत ७ लाखांहून अधिक लोक जमले. २०२५ साली पाळी ग्रीन बेची होती. वस्ती लाखाच्या थोडी वर, आणि तिथला पॅकर्स हा संघ ५ लाखांहून अधिक भागधारकांच्या मालकीचा. मात्र या मालकांना निवडीत मत नाही. पहिल्या फेरीत एखादा वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, घ्यावा अशी त्यांची मागणी वर्षानुवर्षे होती. २००२ नंतर तसे एकदाही झाले नव्हते. २०२० साली तर आरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक संघात असताना व्यवस्थापनाने जॉर्डन लव्ह हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला होता. २४ एप्रिल २०२५ च्या रात्री लँबो फील्डसमोर तेविसाव्या क्रमांकावर नाव वाचले गेले ते टेक्ससच्या मॅथ्यू गोल्डनचे. तो वाइड रिसीव्हर होता, आणि मंचासमोर पसरलेल्या हिरव्या-पिवळ्या गर्दीने केलेला जल्लोष बराच वेळ थांबला नाही.